मोरीच्या भिंतीतलं कपाट

माझ्या वहिनीचं वाटोळं मी केलं, आणि ते मुद्दाम केलं. चौदा वर्षांची होते, कळत नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. पण चौदाव्या वर्षी सगळं कळतं. फक्त त्याचे परिणाम किती लांबपर्यंत जातात, तेवढं कळत नाही.

आम्ही हिंदी मुलखात, खमरियाला दारूगोळ्याच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे अंगण. वडील नोकरीत असतानाच वारले आणि त्यांच्या जागी दादा लागला. घर दादाच्या पगारावर चालायचं, पण आईच्या हुकमावर. पगार झाल्याबरोबर दादा पाकीट तिच्या हातात द्यायचा आणि बसभाड्यासाठी परत तिच्याकडे मागायचा. त्याला यात काही वावगं वाटत नव्हतं. आम्हांलाही वाटत नव्हतं.

ते बांगलादेशच्या लढाईचं वर्ष होतं. लढाई व्हायची होती हिवाळ्यात, पण कारखान्याला ती उन्हाळ्यातच कळली होती. ओव्हरटाइम सुरू झाला. दादा भोंग्याआधी जायचा आणि अंधार पडल्यावर यायचा, जेवताना त्याची मान डुलायची. त्याच उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं होतं. बायकोशी बोलायला त्याला रविवारसुद्धा मिळत नव्हता.

वहिनी भंडाऱ्याकडची. तिचे वडील तिथल्या एका कचेरीच्या दफ्तरखान्यात होते; जन्मभर त्यांनी जुन्या कागदांची राखण केली होती. वहिनी मॅट्रिक झालेली होती, तेही पहिल्या वर्गात. आमच्या आईला सही करता यायची, त्यापलीकडे नाही. लग्न ठरवताना आईनं मुलगी शिकलेली आहे म्हणून चारचौघांत सांगितलं, आणि मुलगी घरात आल्यावर तेच तिला खुपायला लागलं.

सामान लावायची वेळ आली तेव्हा आईनं वहिनीला मोरीच्या भिंतीतलं कपाट दिलं. भिंतीतच कोनाडा काढून त्याला लाकडी दारं लावलेली. मागच्या बाजूला मोरी, त्यामुळे ती भिंत बाराही महिने गार लागायची आणि पावसाळ्यात तर हात लावला की हाताला पाणी यायचं. त्या कपाटात आम्ही तोवर फुटके डबे आणि जुन्या चपला ठेवायचो. आईची स्वतःची लोखंडी आलमारी समोरच्या खोलीत होती, कोरड्या भिंतीला, आणि तिच्यात दोन खण रिकामे होते. ते मलाही माहीत होतं आणि वहिनीलाही दिसत होतं.

 वहिनीनं पदर खोचला आणि कामाला लागली. आधी कपाट रिकामं करून तीन दिवस दारं सताड उघडी ठेवली. मग चुन्यात थोडं मोरचूद कालवून आतून दोन हात दिले. फळ्या काढून उन्हात वाळवल्या आणि परत बसवताना भिंतीपासून चार बोटं पुढे बसवल्या.

"भिंतीला कपडा टेकला की गेला," ती मला म्हणाली. "मागून हवा जायला पाहिजे."

"डांबरगोळ्या टाका ना," मी म्हणाले.

"त्या किड्यांसाठी. बुरशीला त्यांचा काय धाक?"

दादाकडून तिनं कटनीचा कळीचा चुना मागवला. त्याचे खडे मातीच्या परळात घालून, वर फडकं बांधून, एकेका खणात एकेक परळ ठेवला. खडे दगडासारखे कडक होते. आठ-दहा दिवसांनी ते आपोआप फुटून त्यांचा भुगा झाला. वहिनीनं मला तो दाखवला. "कपड्यांत जायची ओल यानं पिऊन टाकली. भुगा झाला की बदलायचा." इस्त्री केलेले कपडे ती लगेच आत ठेवायची नाही, त्यांच्यातली वाफ निघेपर्यंत दोरीवर टाकायची. पाऊस थांबला की दारं उघडायची, पाऊस लागला की लावायची. तो जुलै क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीत वाईट गेला. शेजारच्या चाचीच्या लोकरी कपड्यांवर पांढरी लव आली, आईच्या कोरड्या भिंतीच्या आलमारीतसुद्धा वडिलांच्या कोटाला हिरवट ठिपके पडले. वहिनीच्या कपाटात काही झालं नाही. तिचा शालू, माहेरच्या सहा नागपुरी साड्या, एक शाल, सगळं कोरडं खडखडीत.

चाची एकदा ते बघायला आली आणि आईला म्हणाली, "बहू तो बड़ी होशियार है आपकी." आई हसली. चाची गेल्यावर ती वहिनीला म्हणाली, "कपाट काय दिवसभर उघडं टाकून राहते तू? दुकान मांडलं काय?"

शालूच्या घडीत वहिनीनं एक पुठ्ठ्याची फाइल ठेवली होती. तिच्यात तिचं मॅट्रिकचं सर्टिफिकेट आणि गुणपत्रिका. त्या दिवसांत लढाईच्या कामासाठी शहरात लहानमोठे खाजगी कारखाने निघाले होते. एका ठिकाणी फौजेसाठी तंबू शिवायचे, आणि तिथे गोदामावर लक्ष ठेवायला शिकलेली बाई हवी होती. दादानं तिच्या नावाचा अर्ज भरून दिला. आईला न विचारता दादानं आयुष्यात केलेली ती पहिली गोष्ट असावी. आईला ते कळलं तेव्हा ती दोन दिवस जेवली नाही.

आता माझं सांगते. ऑगस्टच्या सुरुवातीला चाचणी परीक्षेचे गुण मिळाले. गणितात मी नापास झाले होते आणि प्रगतिपुस्तकावर दादाची सही मीच ठोकली होती. वहिनी मला गणित शिकवायची. तिनं पुस्तक बघितलं, सही बघितली.

"ही सही तूच केली?"

"नाही."

"खोटं बोलून राहिली तू. नापास झाली ते ठीक आहे. हे ठीक नाही."

तिनं दादाला सांगितलं. दादानं मारलं नाही, पण पंधरा ऑगस्टच्या नाचातून माझं नाव काढून टाकलं. दीड महिना मी तालीम केली होती. पुढच्या रांगेत मधोमध माझी जागा होती. त्या दिवशी शाळेच्या मैदानात मी खुर्च्यांच्या मागे उभी राहिले आणि माझ्या जागी नाचणारी मुलगी दोनदा चुकली ते बघितलं. वहिनी शेजारी उभी होती. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो झटकून टाकला.

त्याच आठवड्यात तिच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आल्याची तार आली. निघताना तिनं मला कपाटापाशी नेलं. डोळे रडून सुजले होते, तरी तिनं सगळं नीट सांगितलं.

"उघडीप झाली की दारं उघडायची, तासभर तरी. खालच्या डब्यात चुन्याचे खडे आहेत, भुगा झाला की बदलायचे. आणि ओलं काहीही आत ठेवायचं नाही, रुमालसुद्धा नाही. माझे कागद आहेत आत. मुलाखतीचा कॉल कधीही येईल. करशील ना?"

"करीन," मी म्हणाले.

पहिले दोन दिवस मी फक्त दारं उघडली नाहीत, एवढंच. तिसऱ्या दिवशी शाळेतून भिजून आले. माझा रबरी रेनकोट होता, आतून कापड लावलेला, वडिलांचा कापून लहान केलेला. तो निथळत होता. एरवी तो अंगणातल्या पडवीत खिळ्याला टांगायचा. मी मोरीपाशी उभी राहिले, मग कपाटाची कडी काढली, रेनकोटाची गुंडाळी केली आणि मधल्या फळीवर शालूला टेकून ठेवली. चुन्याचे परळ उचलून अंगणात रिते केले. तेवढ्यात मागे पावलं वाजली.

आई होती. तिनं कपाटात बघितलं. पाणी फळीवरून खाली टपकत होतं. तिनं माझ्याकडे बघितलं. मी ओरड्याची वाट बघत होते. माझा हात रेनकोट उचलायला पुढेसुद्धा गेला. आईनं पुढे होऊन दोन्ही दारं लावली आणि कडी घातली.

"चहा घे," ती म्हणाली. "गार होऊन राहिला."

त्यावर आम्ही दोघी कधी बोललो नाही. मी शाळेत बिनरेनकोटाची भिजत जायला लागले, तर तिनं मला स्वतःची छत्री दिली. दादाला कपडे कुठे, काय, हे कधीच माहीत नसायचं. पाऊस बावीस दिवस थांबून थांबून पडत राहिला. कपाटातून वास यायला लागला, आधी ओल्या पोत्यासारखा, मग आंबट. रात्रीच्या आमच्या अंथरुणांपर्यंत तो यायचा. आईनं कपाटासमोर उदबत्ती लावली. वहिनी यायच्या आदल्या दिवशी मी रेनकोट काढून पडवीत टांगला. त्यावर बोटभर लव होती, ती मी नळाखाली धुतली.

वहिनीचे वडील गेले होते. ती तेरावं करून आली, आणि घरात पाऊल टाकताच थांबली. वास तिला दारातच आला. पिशवी खाली ठेवून ती सरळ कपाटाकडे गेली.

शालू मूळचा डाळिंबी. त्यावर हिरवी-काळी वर्तुळं उमटली होती, जर काळी पडली होती. साड्यांच्या घड्या एकमेकींना चिकटल्या होत्या. तिनं एक उलगडायला घेतली तर घडीवर चिरत गेली. फाइल हातात घेतली तर पुठ्ठा ओल्या भाकरीसारखा मोडला. सर्टिफिकेट आणि गुणपत्रिका एकमेकांत रुतली होती. शाई पसरून जांभळे डाग झाले होते, तिचं नाव अर्धं दिसत होतं, आणि त्याच्यावर लव.

ती तिथेच जमिनीवर बसली. आईनं शेजारच्या दोघी-तिघींना हाक मारून बोलावलं, मुद्दाम, बघायला.

"एवढं चुना, मोरचूद, सगळं सोंग केलं," आई त्यांना म्हणाली. "आणि आमच्या साध्या आलमाऱ्या बघा. ज्याच्या हातालाच ओल, त्याचं काय टिकते?"

वडील जाऊन पंधरा दिवस झालेल्या मुलीला ती हे म्हणाली. मी चौकटीला टेकून उभी होते. वहिनीनं मान वर करून विचारलं, "तू दारं उघडत होती ना?"

"रोज," मी म्हणाले.

कॉल पुढच्या आठवड्यात आला. दादाला सुटी नव्हती, म्हणून वहिनीसोबत मला पाठवलं. आम्ही बसनं गेलो. तिनं ते दोन कागद वाफ देऊन, सुरीच्या पात्यानं सोडवायचा प्रयत्न केला होता. दोन्ही फाटले होते. तुकडे तिनं कोऱ्या कागदावर लावून आणले होते. कारखान्याच्या आवारात तंबूचं कापड गठ्ठ्यागठ्ठ्यांनी पडलेलं होतं, ताडपत्री अर्धवट टाकलेली, आणि तोच आंबट वास तिथेही येत होता. वहिनीचं लक्ष लगेच तिकडे गेलं.

टेबलामागच्या माणसानं कागद दोन बोटांनी उचलला, नाकाशी नेला आणि शेजारच्याला दाखवला.

"ये सर्टिफिकेट है कि बासी रोटी?"

दोघंही हसले. दाराशी रांगेत उभ्या असलेल्या बायकाही हसल्या, त्याला बरं वाटावं म्हणून.

"भाईसाहब, दूसरी कॉपी मँगवा ली है, आ जाएगी," वहिनी म्हणाली. तिचा आवाज अजून शांत होता. "और बाहर जो कपड़ा पड़ा है, उसमें सीलन लग रही है. नीचे लकड़ी के फट्टे डलवा दीजिए, दीवार से हटाकर. दस दिन में सब खराब हो जाएगा."

"जो अपना एक काग़ज़ नहीं सँभाल सकी, वो हमारा गोदाम सँभालेगी?" तो म्हणाला. मग पुढच्या बाईला आत बोलावलं.

वहिनीनं कागद परत घेतला. तुकडे निसटत होते, ते तिनं वाकून, एकेक करून जमिनीवरून गोळा केले. मी तिला मदत केली नाही. मला हात लावायची भीती वाटत होती. परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती, आणि एकदाच म्हणाली, "बाबांनी साठ वर्षांपूर्वीचे कागद राखले. माझा एक राहिला नाही."

मी तेव्हा सांगू शकले असते. बस खमरियाला पोचायला पाऊण तास लागला. पाऊण तास मी गप्प बसले.

बोर्डाकडून दुसरी प्रत यायला आठ महिने लागले. तोवर लढाई होऊन गेली होती, काचांना चिकटवलेले काळे कागद सगळ्यांनी काढून टाकले होते, आणि तंबूंचा कारखाना बंद पडला होता. दादानं परत तिच्यासाठी कुठे अर्ज केला नाही. आईनं त्या हिवाळ्यात साड्यांमधले बरे तुकडे कापून गोधडीसाठी काढले. विचारलं नाही. वहिनी स्नान करून बाहेर आली तेव्हा आई कात्री चालवत होती.

"शालू राहू द्या, आई," वहिनी म्हणाली.

"काय करते त्याचं? नेसून मिरवणार आहे काय?" आणि तिनं पदर कापला.

वहिनीनं मग गोधडी स्वतःच शिवली. पुढची कितीतरी वर्षं आई ती पांघरून झोपली.

माझं लग्न झालं, मी नागपूरला गेले. वहिनीला मुलं झाली, ती वाढवली. दादा रिटायर झाला, तिलवाऱ्याच्या रस्त्याला त्यांनी लहानसं घर बांधलं. आई शेवटची नऊ वर्षं अंथरुणावर होती. वहिनीनं तिचं सगळं केलं: न्हाऊमाखू घालणं, भरवणं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दिवसातून चारदा कूस बदलणं. मी वर्षातून एकदा जायचे आणि रडून परत यायचे.

आई गेल्यावर वर्षश्राद्धाला मी गेले. जेवणं झाली होती, दादा आत पडला होता. आम्ही दोघी ओसरीत तांदूळ निवडत होतो. मी तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. का कोण जाणे, मला वाटलं आता सांगून टाकावं.

"वहिनी, तुमच्या कपाटात ओला रेनकोट मी ठेवला होता."

तिचा हात थांबलासुद्धा नाही. "माहीत आहे मला," ती म्हणाली. "मधल्या फळीला रबराचा चुरा चिकटला होता. आल्या दिवशीच बघितला मी."

"मग तुम्ही बोलल्या काहून नाही? दादाला तरी सांगायचं."

"सांगितलं असतं तर त्यानं तुला मारलं असतं. तू रडली असती, आईंनी तुला पोटाशी धरलं असतं, आणि चार दिवसांत सगळं फिटलं असतं." तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. "मला ते फिटू द्यायचं नव्हतं. तू रोज माझ्यासमोर जेवायला बसायची, मी वाढायची, तू खाली बघायची. बस, तेवढं होतं माझ्याजवळ."

इतकी वर्षं मी तिला साधी, सोसणारी बाई समजत होते.  मी म्हणाले, "मला माफ करा."

"नाही," ती म्हणाली. रागानं नाही. भाजी नको म्हणावं तसं.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आईंना माहीत होतं का?"

इथे मी खोटं बोलायला हवं होतं. आई गेलेली होती, तिला काही फरक पडणार नव्हता. पण वहिनीनं माफी नाकारली होती, मला ते लागलं होतं, आणि अर्धं ओझं दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर ठेवायला मिळत होतं.

"तिनं बघितलं होतं," मी म्हणाले. "रेनकोट आत असताना कपाटाची कडी आईनंच लावली."

वहिनीचा हात तेव्हा थांबला. ती स्वतःच्या तळव्यांकडे बघत राहिली. नऊ वर्षं याच हातांनी तिनं आईला धुतलं होतं. आईबद्दल तिच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही. पण हे नव्हतं. आईला ती नुसती अडाणी, तोंडाळ समजत होती. बहुधा तेवढ्याच जोरावर तिनं ती नऊ वर्षं काढली असतील.

"हे तू मला आता सांगून राहिली," ती म्हणाली. "त्या असताना नाही."

 तिनं सूप खाली ठेवलं, गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि आत गेली. संध्याकाळी मी निघाले तेव्हा ती बाहेर आली नाही. दादा मला बसपर्यंत सोडायला आला, वाटभर पेन्शनचं आणि गुडघेदुखीचं बोलत राहिला. बस सुटताना त्यानं विचारलं, "आज तिला काय झालं गं? तुझ्याशी भांडली काय?"

"नाही," मी म्हणाले. "दमली असेल."